दगड उचलल्यावर

शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत मी नापास झाले. लातूरच्या शिकवणीत दोन वर्षं मी फक्त प्रश्नसंच सोडवले होते. चुकलेले पुन्हा सोडवायचे, उत्तर पाठ करायचं, पुढं जायचं. त्या जोरावर नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिथं तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "झोपलेला माणूस उठून उभा राहिला, तर रक्तदाबाचं काय होतं?" मी रक्तदाबाची व्याख्या म्हणायला लागले. "व्याख्या नको. काय होतं ते सांग." मी पुन्हा तीच व्याख्या म्हटली.

होस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी, माझ्याच वर्गातली मुलगी भूकंपात पडलेल्या गावची होती. तिची आई त्यात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. मला रडत बसलेलं पाहून ती म्हणाली, "पुस्तक मीट. कोऱ्या कागदावर आकृती काढ, आन मला काहीच येत न्हाई असं समजून सांग." अडलं की पुस्तक उघडायचं, तेवढंच बघायचं, परत मिटायचं. प्रत्येक वाक्याला ती "का?" म्हणायची. सुरुवातीला राग यायचा. महिन्याभरात मात्र विषय समजायला लागला.

एका दुपारी मी तिला पोटॅशियम समजावत होते. "ते पेशींच्या आत असतं. स्नायू चेंगरला की बाहेर पडतं. रक्तात फार वाढलं तर हृदय थांबतं."

"पाय दगडाखालीच दबलेला असला तर?"

"मग तिथलं रक्त फिरत नाही. बरंचसं तिथंच अडकून राहतं."

"आन दगड उचलल्यावर?"

"एकदम सगळं हृदयाकडं!" उत्तर स्वतःचं स्वतःला सुचलं म्हणून मी खूश झाले होते.

तिनं पेनाला टोपण लावलं. "दगड मी आन काकानं उचलला. तवर आई बोलत होती. पाणी मागितलं तिनं."

रक्तस्राव असेल, आतली इजा असेल, असं काहीबाही मी बोलत राहिले. ती ऐकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सरांकडं घेऊन गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळा, तिथं सलाईन नव्हतं, डॉक्टर नव्हता. दगड तसाच ठेवला असता तरी ती वाचली नसती. आणि नेमकं हेच झालं, असं आज कुणीच सांगू शकत नाही."

"हाव सर," ती म्हणाली.

आठवडाभर ती माझ्याबरोबर अभ्यासाला बसली नाही. मग एक दिवस आपणहून मूत्रपिंडाचा धडा घेऊन आली. वार्षिक परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. सरांचं म्हणणं तिला पटलं होतं का, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.