सात पात्यांचे सिलिंडर

पुणे स्टेशनवर हमालाने माझे गाठोडे उचलले, दोन पावले चालला आणि ते खाली ठेवून माझ्याकडे संशयाने पाहू लागला. आत देव आहे की दगड, असे त्याने विचारले. दोन जुनी धोतरे आणि वर गोणपाट गुंडाळलेले ते लोखंड आमच्या घरात देवाच्याच जागी होते, पण ते सांगून हमाली कमी होणार नव्हती. मी निमूट पैसे दिले आणि गाठोडे बाकाखाली सारले. एकोणीसशे एकोणपन्नास सालची नाताळची सुट्टी होती. लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, मी मोटारसायकलच्या तडकलेल्या सिलिंडरवर उपाय शोधायला निघालो होतो.

ही मोटारसायकल अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते सरकारी मोजणीदार होते. पहिल्या महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ही अमेरिकन गाडी साइडकारसकट घेतली आणि वीस वर्षे तिच्यावरून गावोगावच्या शिवा मोजल्या. पुढे गाडीचे सिलिंडर तडकले आणि अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, दोन्ही साधारण एकाच सुमारास. आता एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यात थोडा उजेड उरला होता. तो आहे तोवर एकदा याच गाडीतून दिवेघाट चढायचा आणि घाटमाथ्यावर त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी बसवलेला शिवेचा दगड पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. टांग्याने नेतो म्हटले तर म्हणत, "मी तिथे टांग्याने गेलो नव्हतो." शिवाय अट अशी की गाडीला भाग बसवायचा तो कंपनीचाच.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने अमेरिकेहून सिलिंडर मागवून देण्याचे कबूल केले होते. शाळेतली मास्तरकी सांभाळून, शिकवण्या करून मी पैसे जमवले आणि नेमक्या त्याच सप्टेंबरात पौंड घसरला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, तसा आपला रुपयाही त्याच्यामागून घसरला. डॉलर महागला आणि माझ्या सिलिंडरची किंमत बसल्या जागी जवळजवळ दीडपट झाली. गंमत अशी की शेजारच्या जोशांकडेही तितकीच म्हातारी मोटारसायकल होती, पण इंग्लिश. तिचे भाग पूर्वीच्याच भावात येत राहिले, कारण पौंड आणि रुपया दोघे बरोबरीने खाली उतरले होते. "काय म्हणतो तुमचा डॉलर?" असे जोशी रोज सकाळी दात घासता घासता विचारीत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. पण शेवटी त्यांनीच सांगितले की कोल्हापूरला पाणी उपसायच्या इंजिनांचे भाग ओतणारे कारागीर आहेत, त्यांना एकदा दाखवा.

मिरजेला गाडी बदलली तेव्हा उजाडत होते. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर, आणि डब्यात उसाच्या रसाचा गोड, करपट वास. कोल्हापूरच्या स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने "कुठं सोडू, पावणं?" असे इतक्या मोठ्याने विचारले की मी भांडण झाले असे समजून मागे सरलो. पावणं म्हणजे पाहुणे. इथे अनोळखी माणसाला हेच म्हणतात आणि प्रेमानेही ओरडूनच बोलतात, हे पुढच्या दोन दिवसांत अंगवळणी पडले.

टांगेवाल्याने ओतकामासाठी ज्यांचे नाव घेतले त्या दत्तोबा मेस्त्रींचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढे अंगण आणि अंगणाला लागून घर. पन्नाशीचा माणूस, भुवया भट्टीने जाळलेल्या. अण्णांची इच्छा आणि रुपयाची कहाणी ऐकत त्यांनी माझे गाठोडे सोडले, सिलिंडरवर खिळ्याने टकटक केली आणि कान लावून ऐकले. लोखंड फार चांगले आहे, असा कौल दिला. मग सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांवरून बोट फिरवले. इंजिन वाऱ्याने थंड राहावे म्हणून ती असतात आणि कंपनीने ती नऊ दिली होती. एवढी पातळ पाती आपल्या वाळूच्या साच्यात भरणार नाहीत, सात देतो, जरा जाड देतो, असे ते म्हणाले. मला अण्णांची अट आठवली. त्यांना नीट दिसत नव्हते, पण पाती मोजायला बोटे शाबूत होती.

दत्तोबांनी लाकडाचा नमुना कोरायला घेतला. मूळ मापापेक्षा तो किंचित मोठा दिसला म्हणून मी मास्तरकीच्या सवयीने चूक दाखवली. त्यांनी मान वर न करता उत्तर दिले.

"लोखंड थंड हुताना आकसतंय, मास्तर. ते धरूनच मोठं करायचं असतंय. तुमच्या रुपयाचं तसं कुनी धरलं न्हाय."

मुंबईच्या व्यापाऱ्याने चार पत्रांत जे समजावले नव्हते ते इथे तीन वाक्यांत उरकले. दोन दिवस मी तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी रंकाळ्यावर वारा खायचा आणि जेवायला दत्तोबांकडेच. त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. भाकरी, खर्डा (तव्यावर भाजून ठेचलेली मिरची) आणि वर घट्ट दही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. पुण्याची माणसे लवकर हळवी होतात, असे आक्का म्हणाली.

कारखान्यातले सर्वात नाजूक काम या आक्काचे होते. सिलिंडर आतून पोकळ राहावे म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. वाळू एकमेकींना धरून राहावी म्हणून कुणी काही मिसळते, कुणी काही. कोल्हापुरात काकवी मिसळतात. गुळाच्या गावात दुसरे काय मिसळणार? आक्का बोट लावून चाखे आणि काकवी कमी की जास्त ते सांगे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा गाभा करून अंगणातल्या पाटावर उन्हात ठेवला, दुपारी भट्टीत भाजायचा म्हणून. ती भाकऱ्या थापायला आत गेली आणि जाताना लक्ष ठेवायला मला बसवून गेली.

तेवढ्यात गवळी म्हशी घेऊन आला. इथे दूध घरी येत नाही, म्हैसच दारात येते आणि डोळ्यांसमोर पिळून देतात. त्याने फेसाने भरलेला पेला माझ्या हातात ठेवला. असे कोमट, जड दूध मी जन्मात प्यायलो नव्हतो. मी डोळे मिटून ते प्यालो आणि ओठ पुसून वळलो, तर दुसरी म्हैस पाटावर मान घालून शांतपणे चाटत होती. निम्मा गाभा गेला होता आणि उरलेला तिच्या नाकाला लागला होता.

आक्का बाहेर आली. तिने म्हशीकडे पाहिले, मग माझ्या रिकाम्या पेल्याकडे. "दूध प्यालासा तुमी आनि गाभा खाल्ला म्हशीनं. झालं की बरूबर." दत्तोबा एवढे हसले की त्यांना खाली बसावे लागले. मी मात्र लाजेने मेलो. वडिलांच्या एका इच्छेसाठी आलो होतो आणि पेलाभर दुधापायी ती म्हशीच्या तोंडात घातली होती.

घरातली काकवी संपली होती. शिक्षा म्हणून आक्काने माझ्या हातात किटली दिली आणि पंचगंगेपलीकडच्या गुऱ्हाळावर पाठवले. ही शिक्षा मला पुन्हा मिळाली तर बरे. नदीकाठाने बैलगाड्यांच्या चाकोरीतून चालत गेलो. उसाच्या तुऱ्यांवरून वारा येत होता आणि कढईवर वाफेचे ढग उठले होते. तिथल्या म्हाताऱ्या गुळव्याने (गूळ रांधणारा) किटली भरलीच, वर पानावर गरम गुळाचा गोळा दिला. काकवी कशाला हवी हे ऐकून त्याने पैसे घेतले नाहीत. बापाची गाडी चालू झाली की कळवा, एवढेच म्हणाला.

नवा गाभा भट्टीतून निघेपर्यंत मी जागचा हललो नाही. मग साचा तयार झाला आणि दत्तोबांनी मला बाजूला घेतले. जुने सिलिंडर फोडून लोखंड वितळवायच्या मुशीत टाकू का, असे त्यांनी विचारले. असे बारीक दाण्याचे लोखंड त्यांच्याकडे दुसरे नव्हते आणि साध्या भंगारातून ओतले तर ते घाटात टिकेल याची खात्री नव्हती. पण ओतीव बिघडले तर मापालाही काही उरणार नव्हते. अण्णांची वीस वर्षे त्या लोखंडात होती. मी त्याच्या तडकलेल्या कडेवरून बोट फिरवले.

दत्तोबा हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वडलांचं लोखंड बाहेर पडून गंजण्यापरीस आत असू दे की."

मी हो म्हणालो. घणाचे तीन घाव बसले आणि तिसऱ्याला मी पाठ फिरवली. लाल रस साच्यात उतरला तेव्हा जळक्या साखरेचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी वाळू झाडली, आणि आतून सात पाती सरळ, भरीव निघाली. मला दत्तोबांना मिठी मारावीशी वाटली आणि मी ती मारली. शेजारच्या लेथवर आतले भोक घासून झाले, त्या संध्याकाळी सुट्टीही संपली. खर्च कंपनीच्या जुन्या भावाच्या निम्मासुद्धा झाला नव्हता.

पुण्यात सिलिंडर बसवायला जोशीच आले आणि डॉलरचे नाव न काढता दोन दिवस तेलात हात घालून राबले. तिसऱ्या दिवशी अण्णा काठी टेकत आले, गाडीजवळ वाकले आणि अंगठ्याने पाती मोजू लागले.

"सात," ते म्हणाले. "कंपनीची नऊ होती."

मी सगळे सांगून टाकले: रुपया, दत्तोबा, आक्का, अगदी म्हशीसकट. ते हसले नाहीत. जुने सिलिंडर कुठे आहे, एवढेच विचारले.

"यातच आहे, अण्णा. वितळवून यातच ओतलंय."

त्यांनी पुन्हा एकदा सातही पात्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी आईला हाक मारून ट्रंकेतला खाकी कोट मागितला.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. दिवेघाटात एकदा इंजिन तापले, थांबून पाणी प्यालो आणि पुन्हा चढलो. माथ्यावर येताच साइडकारमधून अण्णांनी हात वर केला. मला नुसते गवत दिसत होते. ते उतरले, काठीने चाचपत वीसेक पावले गेले आणि गुडघ्यावर बसले. दगडावरची आपल्या छिन्नीची खूण त्यांनी बोटांनी पुन्हा पुन्हा गिरवली. डोळ्यांनी किती दिसले ते मी विचारले नाही. "जागचा हललेला नाही," ते म्हणाले आणि रडले, आणि मीही रडलो.

परतताना वाटले, रुपया पडला नसता तर एक सिलिंडर खोक्यातून टपालाने आले असते आणि मी कोल्हापूर पाहिले नसते. घरी पोचल्यावर अण्णा उतरले आणि आत न जाता गाडीशी उभे राहिले. कोमट पात्यांवर तळहात ठेवून म्हणाले, "त्या मेस्त्रींना आजच पत्र टाक. लिही, सात पुरली."