हात न लावण्याची पैज

ग्लेनिस ट्रँटरच्या बोटीवर चहाला जायचं तर एक नियम पाळावा लागतो. छपरावर टकटक करायची आणि थांबायचं. आधी पाय ठेवायचा नाही. पाय ठेवला की बोट हलते, आणि न विचारता कुणाचं घर हलवणं आमच्या कालव्यावर असभ्य समजतात. आतून आवाज येतो, "कोण ते सांग, मग ठरवते किटली ठेवायची की नाही."

ग्लेनिसने उमेदीची वर्षं स्टोकच्या चिनी मातीच्या कारखान्यात कपांना कान चिकटवण्यात घालवली. नवरा गेल्यावर घर विकून तिने 'लॅपविंग' घेतली. लांबच लांब बोट, पण हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद. तेव्हापासून ती एकटीच फिरते. आमच्या परवान्यावर एका जागी दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. म्हणून शेजार सारखा बदलतो, तरी तुटत नाही. शरद ऋतूत शेजारी बांधलेली बोट वसंतात कुठल्या तरी पुलापाशी पुन्हा भेटते, आणि गप्पा जिथे राहिल्या तिथून सुरू होतात.

मागच्या हिवाळ्यात काठावरच्या बर्फावरून ती घसरली. खुब्याचा सांधा बदलावा लागला. तिची मुलगी बेव्हर्ली नँटविचला बस चालवते. तिने आईसाठी तळमजल्यावरचा फ्लॅट पाहिला आणि बोटीला गिऱ्हाईकही शोधलं. एप्रिलमधलं त्यांचं भांडण मी शेगडीपाशी बसून ऐकलं. उठून जायचं तर त्या दोघींच्या मधूनच जावं लागलं असतं.

"आई, लॉकचे दरवाजे ढकलता येणारेत का तुला आता?"

"तुला बस ढकलता येते का? तरी चालवतेसच ना."

"टोमणे नकोत. ऑड्लेमची उतरण एकटीने करून दाखव. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. केलीस तर फ्लॅटचं नाव काढणार नाही."

"नाही जमलं तर?"

"बोट विकायची."

"ठरलं. चहा घे, निवतोय."

ऑड्लेमला एकाखाली एक लॉकची, म्हणजे पाणी कमीजास्त करून बोट वरखाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, रांग आहे. भरलेल्या लॉकमध्ये बोट घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या दरवाजातली झडप आपापल्या सुट्या हँडलने उचलून पाणी सोडायचं. पाण्याबरोबर बोट खाली जाते. मागच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीचं शेपूट त्यावर राहता कामा नये.

असे दरवाजे बसवण्यात माझा जन्म गेला. त्यांना ताकद कमी लागते, दम जास्त. पाठ टेकायची आणि वाट पाहायची. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की दरवाजा हलतो. त्याआधी ढकलणारा नुसता दमतो. ग्लेनिसला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून मला तिच्या खुब्याची काळजी नव्हती. काळजी होती ती लोकांची. लॉकवर कुणी दिसलं की हात लावायचाच, ही इथली रीत. आणि ग्लेनिसच्या ओळखी तर पुलापुलावर.

झालंही तसंच. ती निघाली ही बातमी तिच्या पुढे धावली. पहिल्याच लॉकवर दरवाजा उघडून एक जोडपं केक घेऊन उभं.

"ये गं ग्लेनिस, सगळं तयार आहे बघ!"

"तयार करायला कुणी सांगितलं? लाव तो दरवाजा परत."

"अगं, उघडलाय की!"

"म्हणूनच लाव. आणि लांब उभे राहा. केक तेवढा ठेवा."

तिने स्वतः दरवाजा उघडला, बोट आत घेतली, लॉक उतरवलं. पुढच्या लॉकवर तेच, त्याच्या पुढेही तेच. बेव्हर्ली काठावरून चालत होती, हात कोटाच्या खिशात. तिच्याबरोबर मी. ग्लेनिसची चाल सावकाश होती, पण एकही फेरी फुकट नव्हती.

अर्ध्या वाटेवर ग्लेनिसचा जुना शेजारी सिरिल भेटला. त्याची बोट खाली बांधलेली. माणूस प्रेमळ, तोंड अखंड चालू. बेव्हर्लीला पाहून तो थेट पुढच्या दरवाजापाशी आला.

"बेव्ह! केवढी झालीस गं! बस काय म्हणते?" असं म्हणता म्हणता त्याने हँडल अडकवलं आणि झडप पूर्ण उचलली. बोलताना त्याचे हात रिकामे राहत नाहीत.

ग्लेनिसने मागचा दरवाजा नुकताच लावला होता. बोट पुढे घ्यायची राहिली होती. पाणी झपाट्याने उतरलं. लॅपविंगचं शेपूट उंबऱ्यावर बसलं आणि नाक खाली जाऊ लागलं. आत कपबशा घसरून फुटल्याचा आवाज आला.

"सिरिल, झडप पाड!" ग्लेनिस ओरडली.

सिरिलच्या हातून हँडल निसटून पाण्यात गेलं. बेव्हर्ली किंचाळली. मी पुढे झालो तर ग्लेनिसने मला नजरेनेच थांबवलं. ती चालत आली. धावली नाही. आपलं हँडल लावलं, झडप पाडली. पाणी थांबलं. मग तशीच चालत मागे गेली आणि लॉकमध्ये पुन्हा पाणी घ्यायला मागच्या दरवाजाची झडप थोडीशीच उचलली. थांबली. आणखी थोडी. एकदम उचलली असती तर पाण्याचा लोंढा बोटीवर आदळला असता. शेपूट उंबऱ्यावरून हळूच सुटलं आणि बोट सरळ झाली.

"ग्लेनिस, हात आपोआप गेला गं," सिरिल रडवेला झाला.

"तुझी जीभ आपोआप चालते हे माहीत होतं. हातसुद्धा, हे आज कळलं." मग ती मुलीकडे वळली. "परका हात लागला. हे लॉक गेलं."

"त्याने बुडवायला आणली, तू वाचवलीस. गेलं कसं?"

"पैज हात न लावण्याची होती. खाली जाऊन बोट फिरवते, परत वर येते. उद्या पहिल्यापासून."

बेव्हर्ली आईजवळ आली. "तू खरंच करशील."

"त्या फ्लॅटपेक्षा बरंच."

"नको. मला बघायचं होतं ते मी बघितलं. तुझ्या जागी मी धावले असते, पडलेही असते." तिने खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच गिऱ्हाइकाला कळवलं, बोट विकायची नाही.

ग्लेनिसने बोट पुढे घेतली, दोर खुंट्याला वेढला आणि आपलं हँडल मुलीपुढे धरलं.

"पैज मिटली ना? मग उभी काय राहिलीस? झडप उचल. पण मी मान हलवल्यावर."

बेव्हर्ली हँडलवर हात ठेवून आईकडे बघत थांबली. ग्लेनिसने एकदा शेपूट पाहिलं, एकदा दोर, आणि मग मान हलवली.