घोडीला विचारलं का?

"सगळं खरं हो भाऊ, पण घोडीला विचारलं का?"

परदेशातल्या फोरबर्ग गावातल्या आमच्या शेजारच्या ताईंचं हे ठरलेलं वाक्य. तुम्ही त्यांच्या चिलखताचं कितीही कौतुक करा, त्या हेच विचारणार. नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून आलेली ही बाई जत्रेत जुन्या फौजांचे खेळ करणाऱ्या गावातल्या इतिहासवेड्या मंडळींच्या घोडीसाठी सायकलींच्या शेडमध्ये बसून घोड्याचं चिलखत शिवायची. हो, घोड्याचं! जुन्या इराणी आणि रोमन फौजांत स्वार डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात, आणि त्याचा घोडाही. दोन बोटं रुंद पितळी खवले, एकावर एक चढवून जाड कापडावर ओवलेले. तीन वर्षं हेच चाललं होतं.

एकदा मी दार ढकललं, तर ताई रांगत होत्या आणि पाठीवर ते सगळं धूड! "खांद्यात टोचून राहिलं ना," म्हणाल्या. "घोडी बिचारी कोणाला सांगणार?" मी एक कोपरा उचलून पाहिला, तर त्यालाच दोन्ही हात लागले. एवढं अंगावर घेऊन जनावरं लढाईत धावायची!

त्यांची एकच इच्छा होती. त्या चिलखतात घोडीनं उन्हाळी जत्रेच्या मैदानाला पूर्ण फेरी मारावी आणि आपण ती डोळ्यांनी पाहावी.

गेल्या वर्षी तो दिवस आला. ऊन पडलं आणि घोडी अशी झळाळली की अख्खं मैदान माना उंचावून पाहायला लागलं. बापरे, काय दिसत होती! ताईंचं लक्ष मात्र तिच्या कानांकडे. दहा पावलांत कान मागे पडले; काही खुपतंय याची घोड्याची ही खूण. ताई धावल्या आणि सर्वांदेखत कात्रीनं खांद्यावरची शिवण कापली. खवले गवतावर सांडले. आयोजक भडकले.

"ती नाही म्हणाली," ताईंनी एवढंच सांगितलं.

मग हिवाळाभर त्यांनी आपल्या सुती साड्यांची गोधडी शिवून चिलखताला आतून लावली. ती पुरी झाली आणि नवऱ्याची नोकरी गेली. फेरी न पाहताच त्या नागपूरला परतल्या. मला फार वाईट वाटलं.

यंदा जत्रेत मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. घोडी निघाली. अर्धी फेरी झाली, मग पूर्ण. टाळ्या थांबेनात.

"ताई, दिसतंय का? काय झळकतंय!"

"झळकू दे. कान कुठे आहेत?"

"पुढे, ताई. पहिल्यापासून पुढेच."

पडद्यावर ताईंनी ओढणी डोळ्यांना लावली. मग म्हणाल्या, "तिच्याजवळ ने मला."

मी फोन घोडीच्या कानापाशी धरला आणि मान दुसरीकडे वळवली.