घरटी एक माणूस

मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो, आणि एकदा बुलढाणा जिल्ह्यात, वडनेरच्या अलीकडच्या एका गावात आमचा ट्रक असा बसला की मालक तो ओढून घेऊन गेले आणि मला विसरले. गावात मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारे एक चाचा होते. त्यांनी चहा पाजला, समोर पडलेली दोरी गुंडाळायला सांगितली, आणि ती गुंडाळून होईपर्यंत मी त्यांच्याकडे कामाला लागलेलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली. गोदामावर खोली आहे, चाचांच्या घरून डबा येतो. इतकं आयतं मिळालेल्या माणसाला कायम धाकधूक असते. मी तर चुकून खुर्चीला धक्का लागला तरी खुर्चीची माफी मागतो.

हे सांगायचं कारण, असल्या माणसामुळे गाव दोन भागांत फुटेल असं कुणालाही वाटलं नसतं.

गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, म्हणजे सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणतात त्यांच्या, बोअरला पाणी लागलं. त्यांनी गावाला रोडग्यांचं जेवण द्यायचं ठरवलं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मंडप आमचा, भांडी आमची, भोंगाही आमचा. ऑटोत बसून आवतण फिरवणाऱ्याचा घसा बसला होता, म्हणून चाचांनी माइक माझ्या हातात दिला. मला धन्य वाटलं. सकाळीच गल्लीगल्लीतून मी अगदी नम्रपणे सांगितलं की उद्या दुपारी भाऊसाहेबांकडे जेवण आहे, घरटी एक माणूस, अवश्य यावे, सर्वांचे आभार.

आमच्या कोकणातल्या वाडीत असंच बोलावतात. घरातून एक जण जातो, मान राखला जातो, यजमानाच्या खिशाला भोक पडत नाही. इकडची रीत वेगळी. इथे आवतण चूलबंद असतं. घरातले झाडून सगळे, शिवाय आलेला पाहुणासुद्धा जेवायला जातो आणि त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. इतकी वर्षं मी या गावात मंडप बांधले, रोडगे खाल्ले, पण आवतण कसं देतात ते कान देऊन कधी ऐकलंच नव्हतं.

पहिलं भांडण घराघरांत झालं. एकच माणूस जाणार तर कोण? आजोबा म्हणाले, वयाने मी. मुलगा म्हणाला, सातबारा माझ्या नावावर आहे. एका घरात सुनेने विचारलं, भाकरी मी थापते, तर एक दिवस रोडगे खायला सासूबाई का? गोदामासमोर राहणाऱ्या बुढीच्या घरात तर तीन भाऊ एकाच घरात राहून अचानक आपण तीन घरं आहोत असं सांगू लागले.

मग कुणीतरी माझा आवाज मोबाइलवर टाकला. त्यातलं ‘अवश्य यावे’ कापलं होतं, ‘आभार’ही कापले होते. राहिलं होतं फक्त ‘घरटी एक माणूस’, तेही दोनदा. दिवस मावळायच्या आत प्रकरण भाऊसाहेबांच्या कंजूसपणावरून गावाच्या अपमानावर आणि तिथून बाहेरचे लोक इथे येऊन काय करतात यावर पोहोचलं. बाहेरचे लोक म्हणजे मी एकटाच.

दूध डेअरीत चेअरमन एका बाजूला गेले आणि सचिव दुसऱ्या. दुधाच्या रांगा दोन झाल्या, माप मात्र एकच होतं, त्यामुळे दोन्ही रांगा एकमेकींकडे पाठ करून त्याच्याचपाशी उभ्या राहिल्या. ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिलं की सदर आवतणाशी पंचायतीचा काहीही संबंध नाही. त्यामुळे ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही ‘कोणतं आवतण?’ विचारत चौकशीला आले. शाळेत पालकसभा होती आणि सूचनेत ‘प्रत्येक घरातून एक पालक’ असं लिहिलेलं होतं. हेडसरांनी घाबरून सभाच पुढे ढकलली.

तालुक्याहून एक मोबाइलवाला पत्रकारही आला. माइकला रबराने बांधलेला मोबाइल पुढे धरून, गावाची माफी मागाल का म्हणून त्याने मला विचारलं. मी गावाचे आभार मानले, भाऊसाहेबांचे मानले, चाचांचे मानले, आणि एवढ्या उन्हात आल्याबद्दल त्याचेही मानले. बातमी आली: माफी मागण्यास साफ नकार.

जेवणाच्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर गावात धूर. बुढीने दारात मातीची चूल मांडून पेटवली होती. तिच्या घरी गॅस आहे, गल्लीत सगळ्यांकडेच आहे. पण गॅसला धूर कुठे असतो? निषेध दिसायला तर पाहिजे. तिचं बघून घरोघरच्या मागच्या अंगणातल्या जुन्या चुली बाहेर आल्या, ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी तीन विटा मांडल्या. जाळायला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या लागल्या, त्या भाऊसाहेबांच्याच शेताच्या धुऱ्यावरून आणल्या. चूल पेटली म्हणजे आवतण झिडकारलं. आणि तिकडे शेतात गावभराचे रोडगे आरात पडले होते, वांग्याची भाजी काहिलीत रटरटत होती.

भाऊसाहेब तणतणत मंडपात आले. मी खांबामागे होतो, म्हणजे जेवढा मावलो तेवढा. ते चाचांना म्हणाले की गाव शांत करायचं असेल तर एकच उपाय आहे, हा कोकण्या दुपारच्या गाडीने गावाबाहेर गेला पाहिजे. मी मनातल्या मनात सामान भरायला घेतलं. दोन शर्ट, एक चादर, आणि डबा, पण डबा चाचांचा होता, तो धुऊन परत द्यायला हवा होता. कोकणात आता माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं. गाडी जिथे नेईल तिथे पुन्हा कुणाचीतरी दोरी शोधायची होती.

चाचांनी टोपी नीट केली, कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले आणि गाठ सोडायला लागले. ताडपत्रीचा एक कोपरा धप्पकन काहिलीच्या दिशेने खाली आला.

भाऊसाहेब दचकले. “चाचा, हे काय करून राह्यले तुमी?”

“मंडप माहा, माणूसही माहा,” चाचा दुसऱ्या खांबाकडे वळत म्हणाले. “दोन्ही संगंच येतात, संगंच जातात. रोडगे उन्हात वाढा तुमी.”

भाऊसाहेबांनी वर पाहिलं. ऊन बरंच होतं. आरातून रोडग्यांचा खरपूस वास यायला लागला होता, म्हणजे आता थांबायला वेळही नव्हता. चाचांनी तिसऱ्या गाठीला हात घातला तेव्हा ते म्हणाले, “बरं बरं. राहू द्या त्याले. पण त्यानंच घरोघर जाऊन नीट आवतण द्यावं. पायी. मी संगं येतो.”

निघालो. पहिलं दार बुढीचं. भाऊसाहेब मागे उभे राहिले आणि मी हात जोडून म्हणालो, “आजी, चूलबंद आवतण आहे. सगळ्यांनी यायचं. पाहुण्यांनीसुद्धा.”

बुढीने मला वरून खालपर्यंत पाहिलं. “हे काल काऊन नाही सांगतलं बे?”

“आमच्याकडे अशी रीत नाही.”

“घ्या. याच्या गावात एकच जण जेवते आन् बाकीचे पाह्यत बसतात.” ती हसायला लागली, आतून तिघे भाऊ हसले, आणि त्यांची तीन घरं तिथल्या तिथे पुन्हा एक झाली. पण एक अडचण आली. चूल तर पेटलेली. पेटत्या चुलीवर पाणी ओतणं अशुभ, आणि पेटती ठेवून चूलबंद जेवायला जाणं हा भाऊसाहेबांचा अपमान. बुढीने विचार करून सांगितलं, “पऱ्हाट्या जळून जाऊ दे आपोआप. तोवर च्या ठेवतो. पिऊन जा.”

ही तोड वाऱ्यासारखी आमच्या पुढे पळाली. पुढच्या दारी चहा तयार. त्याच्या पुढच्या दारीही. नाही म्हणावं तर नवा वाद. भाऊसाहेबांनी काही घरांनंतर साखरेचं कारण काढून पळ काढला. मला कसलंच कारण नव्हतं. मी प्रत्येक घरी चहा प्यायलो आणि प्रत्येक घरी आभार मानले. डेअरीपाशी चेअरमन आणि सचिव या दोघांनी वेगवेगळ्या किटल्यांतून पाजला.

दुपारी सगळं गाव आलं. घरांना कुलपं, चुली राख. हेडसर सहकुटुंब आले आणि पालकसभेची नवी वेळ पंगतीतच सांगून टाकली. मोबाइलवाला पत्रकारही जेवायला बसला. चाचांनी मला हाताला धरून वाढप्यांतून काढलं आणि आपल्या शेजारी पानावर बसवलं. रोडगा आला, वर तूप आलं, भाजी आली. माझ्या पोटात चहा हिंदकळत होता. अर्धा रोडगा झाला आणि हात थांबला.

समोरच्या पंगतीत कुणीतरी मोबाइल वर केला. “पाहा, कोकण्यानं पानात टाकलं.”

चाचांनी भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली. त्यांचं लक्ष पानातच होतं.

“खा बे गुपचूप,” ते म्हणाले. “आत्ताच बांधला मंडप. पुन्हा सोडाले लावू नको.”

मी खाल्ला.