पुडीवरचा लाल टिपका

कचऱ्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं, हे मला खपत नसे. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत मी त्या विषयाचा स्वयंघोषित प्राध्यापक होतो. घंटागाडी रोज सकाळी यायची. तिला ओला, सुका आणि शिवाय एक लाल डबा. डायपर, पट्ट्या, आईच्या इन्सुलिनच्या सुया, असलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पुडीवर लाल टिपका काढायचा. गाडीवरचा माणूस टिपका बघायचा आणि पुडी न उघडता लाल डब्यात टाकायचा. सुया आधी प्लास्टिकच्या बाटलीत भरा, असंही सांगितलेलं होतं. पण टिपका आहे म्हटल्यावर बाटली कशाला, हे मी परस्पर ठरवून टाकलेलं. प्राध्यापकाला एवढी सूट असतेच.

मग कंपनीने मला चाकणच्या प्लँटला टाकलं आणि आई अन् मी तिथे भाड्याने राहायला गेलो. तासाभराचं अंतर. भाषा तीच, भाजी तीच, ट्रॅफिक तर अगदी तोच. कचरा तेवढा निराळा असेल असं कुणाच्या मनात येईल?

आमच्या गल्लीत गाडी दिवसाआड यायची. कप्पे दोनच. आणि मागे एक मावशी उभ्या. प्रत्येक पिशवी उघडून हाताने निवडायच्या. पहिल्याच दिवशी माझ्या सुक्या कचऱ्यातली करवंटी त्यांनी उचलून ओल्यात टाकली.

"मावशी, करवंटी सुकी असते," मी म्हणालो.

"नारळाचीच हाय न्हवं? मंग वली."

"आमच्याकडे सुक्यात घेतात."

"मंग तुमच्याकडं नेऊन टाका की दादा."

गाडीवाला खो खो हसला. माझं प्राध्यापकपद तिथेच गेलं, पण अक्कल काही आली नाही.

पंधरा दिवसांत आईच्या सुया डबीभर साठल्या. त्या दिवशी माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून सकाळी मी पुडी बांधायला बसलो. लाल पेन सापडेना. मी देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटाने ठसठशीत टिपका काढला. रबर सापडेना, तर शिवणाच्या डब्यातला काळा दोरा गुंडाळला. पुडी सुक्याच्या पिशवीत घातली, पिशवी फाटकाशी ठेवली आणि वर येऊन चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत खाली आरडाओरडा. बाल्कनीतून पाहिलं तर गाडी थांबलेली, माणसांचं कडं झालेलं. मधे रस्त्यावर माझी पुडी उघडी पडलेली. काळा दोरा, कुंकू आणि चमकणाऱ्या सुया. मावशींनी बोट घट्ट धरलेलं, बोटातून रक्त येत होतं.

"करणी हाय ही!" घरमालक काका म्हणाले. "आन् आज अमावस्या."

मी खाली धावलो, हे खरं. पण खाली गेल्यावर मी काय म्हणालो असेन? "अरे बापरे, कुणी केलं असेल हो हे?" माझ्याच तोंडाने! आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

कुणीतरी पुडीवर लिंबू कापून टाकलं. मी म्हणालो, "मावशी, दवाखान्यात चला, सुई टोचलीय."

"डाक्टर काय करनार? ह्ये डाक्टरचं काम न्हाई," मावशी म्हणाल्या. "घरी सून दिवस भरलेली हाय. उतारा झाल्याबिगर म्या उंबरा चढनार न्हाई. देवऋषीकडं जाते."

मी वर पळालो आणि आईला सांगितलं. आईने चष्मा पुसला, घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा दुसरीत गेलो.

"माझ्या सुया टोचल्या तिला आणि तू वर आलास? तू सांगतोस, की मी जिना उतरू?"

आईचे गुडघे गेलेले. मी उतरलो.

"ती पुडी माझी आहे," मी म्हणालो.

काका दोन पावलं मागे सरकले. "करणी तुमी केली व्हय? शिकलेलं मानूस तुमी, राव!"

"करणी नाही हो काका, साखर! आईला साखर आहे!"

"साखरंवर करणी केली?" गाडीवाला म्हणाला.

कुणाला पटेना. शेवटी आई कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत खाली आली. इन्सुलिनचं पेन दाखवलं, पदर जरा बाजूला करून पोटावरचे बारीक डाग दाखवले. तेव्हा कुठे कडं सैल झालं.

"आन् ह्ये कुंकू?" मावशींनी विचारलं.

"लाल टिपका म्हणजे हात लावू नका. आमच्या तिकडे असंच असतं."

"कुंकू म्हंजी हात लावू नका? आमच्यात कुंकू दिसलं की हात जोडत्यात. म्हनून तर उघडून बघितलं. देवाचं काय आसंल तर कचऱ्यात नको, म्हनून."

माझ्या आळसाला ती बाई देव समजली होती.

मावशींना माझ्या दुचाकीवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुवायला लावलं, इंजेक्शन दिलं, आईचं रक्तही तपासायला मागवलं. आईच्या रक्तात कसला संसर्ग निघाला नाही. तरी काही महिने तपासणीला येत राहा, असं मावशींना बजावलं. पुढल्याच आठवड्यात सुनेला मुलगी झाली.

मी दर खेपेला त्यांच्याबरोबर जायचो. एकदा बाकावर बसल्या-बसल्या सहज विचारलं, "नात कुणावर गेलीय?"

"लांबूनच बघितली. अजून मांडीवर न्हाई घेतली."

"मावशी, मांडीवर घेतल्याने काही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की!"

"त्येंनी सांगितलं. पन बोट माजं हाय न्हवं?"

म्हणजे तान्ही पोर घरात, आणि आजी रोज संध्याकाळी दाराशी बसून तिला लांबून बघायची. माझ्या एका पुडीपायी. नियम माहीत असूनही, बाटली शोधायचा कंटाळा केला म्हणून.

शेवटच्या तपासणीचा कागद त्यांनी माझ्याच हातात दिला. मी दोनदा वाचला, खिडकीतल्या नर्सबाईंना विचारून खात्री केली. "काही नाही मावशी. सगळं स्वच्छ."

त्यांनी कागद घेऊन पोलक्यात खोचला. मी गाडीची किल्ली काढेपर्यंत त्या फाटकाबाहेर पडलेल्या. "अहो थांबा, सोडतो घरी!" मी ओरडलो.

"तुमची गाडी काडूस्तवर पोर झोपंल!" असं म्हणून त्यांनी पुढून आलेल्या रिक्षाला हात केला.