माझ्या खोलीत धान

आईचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या मेसमध्ये ताट घेऊन बसले होते.

"तलाठी येऊन गेला वो माय," ती म्हणाली. "तुही खोली पायली त्यानं."

"मग?"

"मग काय. खोलीत धानाचे कट्टे."

माझा उजवा पाय जन्मापासून अधू आहे, कुबडी घेऊन चालते. अठरा पूर्ण झाल्यावर मला निराधार योजनेचे अनुदान मिळू लागले होते. दरवर्षी तलाठी घरी येऊन पाहतो, लाभार्थी आहे ना, गावातच राहतो ना. त्या वर्षी मी नागपूरच्या कॉलेजात गेले होते आणि इकडे दिवाळीनंतर मळणी होऊन धान घरात आले होते. धान आले की आमच्याकडे घरात रिकामी जागा कुणी ठेवत नाही. पडवी भरली, मधली खोली भरली, मग माझी. पलंग उभा करून भिंतीला लावला आणि वरपर्यंत पोती रचली. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. मी तिथे असते तर मलाही वाटले नसते.

तलाठ्याने दारातूनच विचारले, "पोरगी झोपते कुठं?" आईने खरे ते सांगितले. कॉलेजात राहते, खाण्यापिण्याची सगळी सोय तिथेच आहे. शेजारची काकू ऐकत होती, म्हणून मोठेपणासाठी जरा जास्तच सांगितले.

अनुदान थांबले. सरकारी खर्चाने राहणाऱ्या-जेवणाऱ्याला ते मिळत नाही, असे तलाठी म्हणाला. वसतिगृहाची खोली मला फुकट होती हे खरे, पण मेसचे पैसे आम्ही भरत होतो आणि ते त्या अनुदानातूनच जात. ते बंद म्हणजे कॉलेज बंद. घरात सगळ्यांना ते कळत होते.

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटले, ते मी कुणाला सांगितलेले नाही. वाटले, चला, आता घरी जाता येईल. धान निघालेल्या बांधीत लाखोरी उगवली असेल, तिचे कोवळे शेंडे आई भाजीसाठी ओच्यात खुडून आणत असेल. तलावाच्या पाळीवरून कुणीतरी बाबांना मोठ्याने हाक मारत असेल. मेसमधली भाजी समोर तशीच निवत होती. आणि तरीही या मेसपर्यंत मी कुणाचा हात न धरता चालत आले होते, वाटेत कुणी वळून पाहिले नव्हते. गावात असे एकदाही झाले नव्हते.

तहसील कार्यालयात मला स्वतः हजर राहायला सांगितले होते. तालुक्याच्या गावी, अर्जुनीच्या बसस्थानकावर बाबा मोटारसायकल घेऊन उभे होते. गाडी चालवता चालवताच मान किंचित वळवून म्हणाले, "तहसीलातल्या बाईनं इचारलं तर सांगजो, घरीच राहते म्हणून. परीक्षेपुरती जाते म्हणजो. खोली रिकामी केली मी. कट्टे अंगणात हाणले."

"पण बाबा, ते खोटं..."

"खोटं कायचं? घर तुहं नाही का?"

गाडी तहसीलच्या दारात थांबली. परक्यांसमोर बोलणे मला कधी जमलेच नव्हते. इंग्रजी शाळेत मी पाणी प्यायला जायची परवानगीही पाठ केलेल्या वाक्यात मागायची. बाकी सगळीकडे माझ्या वतीने बाबाच बोलत आले. तहसीलच्या टेबलावरही तेच बोलू लागले.

टेबलामागच्या बाईंनी चष्मा वर केला. "दादा, तुमचे पाय तं धडधाकट दिसून राहिले. अनुदान तुम्हाले पायजे का पोरीले?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले. बाबाही कसनुसे हसले.

"मग तिले बोलू द्या. कुठं राहतेस गं?"

'घरी' हा शब्द तोंडात तयार होता. त्याच्याइतके खरे माझ्याजवळ दुसरे काही नव्हते. पण आज घरी म्हटले, तर पुढच्या वर्षी तलाठी येईल तेव्हा घरी असावे लागेल. त्याच्या पुढच्या वर्षीही.

"वसतिगृहात," मी म्हणाले. "सुट्टीत घरी येते."

शेजारी बाबांची चप्पल फरशीवर सरकली.

"जेवण फुकट का?"

"नाही. मेसचे पैसे आम्ही भरतो."

"मग हे आधी काऊन नाही सांगतलं?"

"आधी मला कुणी विचारलं नाही."

बाई मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "तसं कॉलेजकडून लिहून आण. रहिवास गावचाच राहू दे, शिकायले गेली म्हणून कोणी गावाबाहेरची होत नाही. साहेबापुढं ठेवीन. होईलच म्हणून नाही सांगत."

पुढे ते झाले, अनुदान पुन्हा सुरू झाले. पण त्या दुपारी आम्हाला ते ठाऊक नव्हते. बाहेर टपरीवर चहा घेतला. बाबांनी बशी संपवली, आणखी थोडा चहा ओतला, तो प्यालेच नाहीत.

"एकडाव 'घरी' म्हनलं असतं तं का बिघडलं असतं वो?"

"अनुदान मिळेल बाबा. बाई म्हणाल्या ना."

"पैशाचं नाही म्हणून राहिलो मी." ते रस्त्याकडे पाहत होते. "पलंग टाकून ठेवला होता तुहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे प्रॅक्टिकल होते. बसस्थानकावर आलो तेव्हा नागपूरची बस लागलेली होती. घर तिथून अर्ध्या तासावर, उलट्या दिशेला. त्यांनी येतेस का म्हणून विचारले नाही आणि मीही येते म्हणाले नाही. काखेत हात घालून त्यांनी मला पायरीवर चढवले, कुबडी आत दिली. मग कंडक्टरला म्हणाले, "नागपूर. आमची पोरगी तिकडं राहते, कालेजात. गर्दीत नका उतरवू, सगळे उतरल्यावर उतरवजा."

तिकडं राहते. अगदी सहज म्हणाले. तासाभरापूर्वी मीच त्यांना ते ऐकवले होते. तरी मला वाटत राहिले, की त्यांनी आत्ता खिडकीशी यावे आणि रागावून म्हणावे, उतर खाली, घरी चल. मी उतरले असते की नाही, ते मला अजूनही माहीत नाही. ते खिडकीशी आले, काच नीट लागते का ते पाहिले आणि मागे सरकले. बस मागे घेत असलेल्या ड्रायव्हरला ते हाताने वाट दाखवत होते, ये, ये, अजून ये.