कदमांचं डोकं आणि मे महिना

ऑफिसात काम साठतं, तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की बदली झाली की काम दुसऱ्याच्या टेबलावर जातं. किस्से मात्र आपल्याबरोबर रिटायर होतात! माझ्याकडचे निम्मे किस्से उन्हाळ्यातले, आणि त्यातले बहुतेक शेजारच्या टेबलावरच्या कदमांचे.

माणूस सोन्यासारखा. पण होळी झाली, परभणीचं ऊन तापायला लागलं, की कदमांचं डोकं त्याच्याही पुढं. पंखा, फाइल, पब्लिक, कुणावरही ओरडायचे. एका मे महिन्यात त्यांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, बॅग भरली आणि पूर्णेला माहेर गाठलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "डोकं थंड झालं की फोन करा. आवाजावरून कळतंय मला."

कदम हादरले. रिकामं घर खायला उठलं. त्यांनी डोकं थंड करायचं मनावर घेतलं आणि आमची करमणूक सुरू झाली.

* * *

नेमकं तेव्हाच वरून फर्मान आलं: कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्ती शिबिर. वेळ दुपारी दोन. जागा, पत्र्याचा हॉल. गैरहजर राहील त्याला नोटीस!

पुण्याहून आलेले व्याख्याते म्हणाले, "डोळे मिटा. समोर थंडगार धबधबा आहे अशी कल्पना करा."

कदमांनी मनापासून डोळे मिटले. मग एक उघडून विचारलं, "सर, धबधब्याला पाणी कोणत्या वारी सुटतं? आमच्या नळाला सोमवारीच येतंय."

* * *

स्टाफचं मन शांत राहावं म्हणून साहेबांनी कूलर मागवला. तो साहेबांच्याच केबिनमध्ये बसला.

त्या दिवसापासून प्रत्येकाला प्रत्येक फाइलवर साहेबांचा सल्ला लागायला लागला. कदम तर एका साध्या अर्जावर मार्गदर्शन घ्यायला जेवणाच्या सुट्टीनंतर आत गेले, ते ऑफिस सुटताना बाहेर आले.

साहेब खूश! "उन्हाळ्यात आपला स्टाफ फार सिन्सिअर होतो!"

* * *

डॉक्टरांनी कदमांना सांगितलं, "मनात ठेवू नका. कुणाशी तरी बोलत जा."

कदम आज्ञाधारक. चारठाण्याकडचा एक म्हातारा मेंढपाळ दाखल्यासाठी आला होता. त्याला समोर बसवून कदमांनी झोप, पित्त, बायको, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं पागोटं काढून शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी उठला.

"साहेब, तुमचं लय अवघड हाय. माझ्या दाखल्याची काय घाई न्हाई. तुमी बरे झाल्यावर येतो!"

* * *

मग फोनचा दिवस उजाडला. मी शेजारी बसून हातानं आवाज खाली ठेवायच्या खुणा करत होतो.

"सुनंदा, जेवलीस का?" कदमांचा आवाज लोण्यासारखा. "मी आता एकदम शांत झालोय बघ..."

तेवढ्यात लाइट गेली.

"अरे, जिवंत हायेत का मेले समदे? माणसाला जगू द्यायचं हाय का न्हाई?"

पलीकडून फोन बंद.

कदम माझ्याकडं वळले. "नाना, मी लाइटवाल्यांना बोललो हो!"

"कदम, लाइटवाल्यांना ऐकू गेलं नाही. वहिनींना गेलं."

* * *

शेवटी एका रविवारी मला सोबतीला घेऊन ते पूर्णेला निघाले. एसटीत वाटभर एकच वाक्य घोकत होते, "सुनंदा, इथून पुढं मी ओरडणार नाही."

पोचलो तर सासरे ओसरीत बाजेवर. रेल्वेतून नुकतेच रिटायर झालेले, भर दुपार, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पडदा कुणी सरकवला? माठातलं पाणी कोमट कसं? पोरांना गप करा! भांडी कोण आपटायलंय?" आम्हाला पाहिलं आणि, "ही काय यायची वेळ हाय का, जावईबापू?"

कदमांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. मी त्यांचा हात घट्ट धरला. पण पठ्ठ्यानं सासऱ्यांवर आवाज चढवला नाही. आतल्या दाराकडं बघून सुरू केलं, "सुनंदा, इथून पुढं मी..."

वहिनी दारात आल्या. पायात चप्पल, हातात भरलेली बॅग.

"ऱ्हाऊ द्या ते. चला लवकर! तुमी निदान दिवसभर ऑफिसात तरी असता!"